स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच उतरवायचा कसा? खान्देशातल्या नव्या डीटीपी ऑपरेटरांसाठी

आखाजीच्या लग्नसराईत पत्रिकेचा नमुना स्क्रीनवर पाहून गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि छपाई हातात पडली की म्हणतं, "भाऊ, रंग दबला." झेंडूचा भगवा विटकरी होतो, गर्द निळा जांभळा होतो, नवरदेवाचा चेहरा सावळा पडतो. मग दोष मशीनमनवर, कागदावर किंवा शाईवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा प्लेट निघण्याच्या आधीच घडलेलं असतं.

स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा (आरजीबी) प्रकाश डोळ्यांत सोडते. कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. म्हणून स्क्रीनवर दिसणारे काही रंग निळसर (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळ्या (यलो) आणि काळ्या या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेत, बनतच नाहीत. रंग हुबेहूब आणण्याचा हट्ट धरू नका. ठरलेल्या मशीनवर, ठरलेल्या कागदावर काय येणार आहे ते स्क्रीनवर आधी दिसलं पाहिजे, एवढं साधायचं आहे. ते नक्की साधतं.

आधी जमवायच्या गोष्टी

- आयपीएस पॅनेलचा मॉनिटर. स्वस्त टीएन पॅनेलवर मान थोडी हलवली तरी रंग बदलतो.
- मॉनिटर मोजणारं कॅलिब्रेटर. स्पायडर किंवा कॅलिब्राइट, कुठलंही चालेल. रोज लागत नाही, त्यामुळे तीन-चार दुकानांनी मिळून एक घेतलं तरी भागतं. सोबत डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं.
- ५००० केल्विनचा, ९० किंवा जास्त सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी दिवा. फक्त छापील कागद बघण्यासाठी.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- छापखान्याकडून पुढची माहिती: कागदाचं नाव आणि जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), मशीन फोरकलर की सिंगलकलर, एकूण शाईची (चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा, लॅमिनेशन कोणतं, कलर प्रोफाइल (कोणत्या आकड्याला कोणता रंग दिसतो ते सांगणारी फाइल) कोणतं. त्याच मशीनवर त्याच कागदावर छापलेला एखादा जुना शीट मागून घ्या. या यादीत तो सगळ्यात मोलाचा आहे.

१. टेबलाभोवतीचा उजेड ठरवा

मॉनिटर दाराकडे तोंड करून ठेवला असेल, तर आधी फिरवा. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला त्याच फाइलचा रंग वेगळा वाटेल, मग बाकी सगळी मेहनत वाया. मॉनिटरमागची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिथे राखाडी किंवा साधा पांढरा रंग द्या, कारण डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करूनच रंग ठरवतो.

दुकानातली ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची, निळसर पांढरी असते. छापील कागद पारखण्यासाठी छपाई व्यवसायात ५००० केल्विनचा उजेड धरतात, आयएसओ ३६६४ या मानकात तसंच आहे. दोन शाया एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. पडताळा सोपा आहे: नुसत्या काळ्या शाईचा ५० टक्के राखाडी पट्टा आणि तीन रंगांनी बनवलेला राखाडी पट्टा शेजारी छापून घ्या. ट्यूबखाली बघा, मग दारात सावलीत नेऊन बघा. दोघांतला फरक बदललेला दिसेल. म्हणून गिऱ्हाइकाला नमुना दाखवतानाही तोच दिवा लावा.

२. मॉनिटर ताळ्यावर आणा

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. विंडोजमधला नाइट लाइट बंद करा. मॉनिटरच्या मेनूतले डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेसही बंद करा. 'व्हिव्हिड' किंवा 'गेम' असा मोड असेल तर एसआरजीबी किंवा कस्टम निवडा.

मग कॅलिब्रेटर स्क्रीनवर टेकवून ही लक्ष्यं द्या:

- उजळपणा: १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर
- पांढरा बिंदू: डी६५, म्हणजे ६५०० केल्विन
- गॅमा (मधल्या छटा किती गडद-फिक्या दिसतात ते): २.२

"छपाई काळवंडली" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण इथेच सापडतं. नव्या मॉनिटरचा उजळपणा कारखान्यातूनच २५०च्या आसपास किंवा त्याहून जास्त ठेवलेला असतो. एवढ्या भगभगीत स्क्रीनवर ऑपरेटर फोटो गडद करत नेतो, कारण त्याला तो फिका वाटतो. कागदावर तो काळाच उतरणार.

कॅलिब्रेटर नसेल तर निदान हे करा: कोरा पांढरा आर्ट पेपर (गुळगुळीत लेप दिलेला कागद) घडी घालून स्क्रीनच्या कडेला उभा धरा आणि त्याच्यावर ५००० केल्विनचा दिवा पाडा. स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा आणि ते कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पांढऱ्याची छटा थोडी निळसर राहिली तरी चालेल, उजळपणा जुळला पाहिजे. त्यानंतर विंडोजमधलं 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' चालवून गॅमा बसवा. हे मोजमापाइतकं अचूक नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

कॅलिब्रेशन महिन्यातून एकदा पुन्हा करा. मित्राच्या मॉनिटरचं प्रोफाइल आपल्याकडे टाकू नका. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटरसुद्धा सारखे नसतात.

३. आलेला फोटो तपासा

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल छपाईला घेऊ नका, ती दाबून लहान केलेली असते. गिऱ्हाइकाला 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा.

आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ प्रोफाइल घेऊन येतात. फोटोशॉपने प्रोफाइल टाकून द्यायचं का असं विचारलं, तर टाकू नका. ते टाकलं की नवरीच्या शालूचा लाल तिथेच फिका पडतो. फाइलला प्रोफाइलच नसेल तर एसआरजीबी, म्हणजे सर्वसाधारण स्क्रीनचं प्रोफाइल, नेमून द्या.

'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' या दोन आज्ञांत गल्लत होते. असाइन केल्याने आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून रंग बदललेला दिसतो. कन्व्हर्ट केल्याने रंग शक्य तेवढा तोच राहतो आणि आकडे बदलतात. प्रोफाइल हरवलं असेल तेव्हा असाइन, आरजीबीतून सीएमवायकेत जायचं असेल तेव्हा कन्व्हर्ट.

४. फोटोशॉप आणि कोरल, दोघांना एकच भाषा शिकवा

आपल्याकडे फोटो फोटोशॉपमध्ये सुधारायचा आणि मांडणी कोरलड्रॉमध्ये करायची, असंच काम चालतं. दोन्हींत प्रोफाइल वेगळी असली की एकाच फाइलचं दोनदा भाषांतर होतं.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबून कलर सेटिंग्ज उघडा. आरजीबीसाठी एसआरजीबी ठेवा. सीएमवायकेसाठी छापखान्याने सांगितलेलं प्रोफाइल ठेवा. त्यांनी काहीच सांगितलं नाही, तर आर्ट पेपरसाठी 'कोटेड फोग्रा ३९' आणि मॅप्लिथोसाठी (बिनलेपाचा साधा कागद) 'अनकोटेड फोग्रा २९' ही फोटोशॉपमध्ये आधीच असलेली प्रोफाइल सुरुवातीला बरी. अंदाजाने 'स्वॉप' राहू देऊ नका, ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेट छपाईसाठी बनलेलं आहे. खालच्या तिन्ही पर्यायांत 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' निवडा.

कोरलमध्ये टूल्स मेनूतून कलर मॅनेजमेंट उघडा. तिथे डिफॉल्ट आणि डॉक्युमेंट अशा दोन वेगळ्या सेटिंग्ज असतात. डिफॉल्ट बदललं तरी आधीच उघडलेली फाइल तशीच राहते, तिची डॉक्युमेंट सेटिंग वेगळी बदलावी लागते. पुष्कळ जण इथेच फसतात.

सीएमवायकेत जाणं शेवटी आणि एकदाच. सीएमवायके फोटो पुन्हा आरजीबी करून परत सीएमवायके केला, तर गेलेला रंग परत येत नाही.

५. सॉफ्ट प्रूफ पाहा

सॉफ्ट प्रूफ म्हणजे छपाईत येणारा रंग स्क्रीनवरच आधी पाहणं. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतून प्रूफ सेटअप, त्यात कस्टम. छपाईचं प्रोफाइल निवडा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवा. 'रेंडरिंग इंटेंट'मध्ये शालू, दागिने, फुलं अशा फोटोंसाठी परसेप्चुअल, सपाट रंग आणि बोधचिन्हांसाठी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. त्यानंतर कंट्रोल-वायने प्रूफ चालू-बंद होतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबल्यावर जे भाग राखाडी दिसतील, ते रंग त्या छपाईत बसत नाहीत.

'सिम्युलेट पेपर कलर' वर खूण केली की चित्र एकदम मळकट दिसतं आणि नवखा माणूस घाबरून खूण काढून टाकतो. काढू नका. खूण करताना नजर दुसरीकडे वळवा, चित्र पूर्ण स्क्रीनवर घ्या, सगळे पॅलेट लपवा आणि अर्ध्या मिनिटाने बघा. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ गोष्टीला पांढरं धरतो. शेजारी शुभ्र खिडकी उघडी असेल तर कागदाचा पांढरा पिवळटच वाटणार.

आता छापखान्यातून आणलेला जुना शीट दिव्याखाली धरा, त्याची मूळ फाइल मिळाली तर प्रूफ चालू करून शेजारी बघा. दोन्ही जवळपास जुळले, तर प्रोफाइल योग्य आहे. सगळंच एका बाजूला झुकत असेल, तर दुसरं प्रोफाइल लावून बघा. मॉनिटरच्या बटनांना हात लावू नका.

६. सपाट रंग आकड्यांवर ठरवा

फोटोचा रंग डोळ्यांनी, पण पट्ट्या, अक्षरं आणि चौकटींचा रंग आकड्यांनी ठरवावा. आर्ट पेपरवर सुरुवात करायला हे आकडे घ्या:

- हळदीचा पिवळा: मॅजेंटा २०, यलो १००
- भगवा: मॅजेंटा ६०, यलो १००
- कुंकवाचा लाल: सायन १०, मॅजेंटा १००, यलो १००
- गर्द निळा: सायन १००, मॅजेंटा ७०. मॅजेंटा ९०च्या वर गेला की निळा जांभळा दिसू लागतो.
- राणी कलर: मॅजेंटा १००. स्क्रीनवरचा झगझगीत राणी चार शायांत येत नाही. गिऱ्हाइकाला तोच हवा असेल तर वेगळी स्पॉट शाई (त्या रंगाची तयार शाई) लावावी लागेल आणि तिचा खर्च आधी सांगावा लागेल.

हळदीच्या पिवळ्यावर भिंग लावून बघा. पिवळ्या जमिनीवर बारीक गुलाबी ठिपके दिसतील. तो २० टक्के मॅजेंटा. मॅप्लिथोसारख्या शाई पिणाऱ्या कागदावर तेच ठिपके फुगतात आणि २०चा रंग ३०च्या घरात दिसतो. तेवढ्याने हळद केशरी होते. फोटो कन्व्हर्ट करताना प्रोफाइल हे फुगणं हिशोबात धरतं. हाताने टाकलेला आकडा मात्र जसाच्या तसा प्लेटवर जातो, त्याला कोणी सावरत नाही. म्हणून मॅप्लिथोवर हळदीसाठी मॅजेंटा १२च्या आसपास धरा. प्रत्येक कागदासाठी आपली वेगळी आकडेवारी ठेवा.

चेहऱ्याला यलो हा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन मॅजेंटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, असं धरून चाला. मॅजेंटा यलोच्या वर गेला की माणूस उन्हाने भाजल्यासारखा दिसतो.

काळ्याचे सापळे वेगळे. बारीक अक्षरं फक्त काळ्या १०० वर ठेवा. वर्डमधून आलेला आरजीबी काळा कन्व्हर्ट होताना चारही शायांत वाटला जातो आणि रजिस्टर (चार रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं तरी अक्षराला रंगीत सावली येते. मोठ्या काळ्या पट्टीला मात्र नुसता काळा राखाडी दिसतो, तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, काळा १०० द्या. 'रजिस्ट्रेशन' नावाचा स्वॉच कापणीच्या खुणांसाठी आहे. तो अक्षरांना लावला तर शाई थेट ४०० टक्के.

एकूण शाई आर्ट पेपरवर ३००, मॅप्लिथोवर २६० ते २८० आणि वर्तमानपत्राच्या कागदावर २४० टक्क्यांच्या आत ठेवा. जास्त झाली की ती वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

७. कागद म्हणजे पाचवा रंग

ऑफसेटच्या शाया पारदर्शक असतात. कागदाचा रंग त्यांच्यातून वर येतोच. आयव्हरी किंवा क्रीम कागदावर पत्रिका छापताना फिका गुलाबी पीचसारखा होतो, आकाशी हिरवट होतो. अशा कागदावर फिके थंड रंग टाळून मरून, गर्द हिरवा, सोनेरी तपकिरी वापरा. गिऱ्हाईक अडूनच बसलं, तर अपारदर्शक शाईच्या स्क्रीन प्रिंटिंगकडे वळा.

रावेर-यावलच्या केळीच्या बॉक्सचं काम आलं, तर हा नियम आणखी कडक होतो. तपकिरी क्राफ्ट कागदावर पिवळी शाई पिवळी दिसत नाही, मोहरीच्या चटणीसारखी दिसते. यलो १००च्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे फाइलमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दोनच मार्ग आहेत. एक, वरचा थर पांढरा असलेला क्राफ्ट मागवायचा. दोन, पिवळा सोडून गर्द हिरव्यात किंवा काळ्यात ठसठशीत रेषांचं केळीचं चित्र काढायचं. बॉक्सवरची फ्लेक्सो (लवचीक प्लेटची) छपाई जाड असते. त्यात बारीक छटा आणि फोटो चिखल होतात.

नंदुरबारच्या मिरची पुडीच्या पाकिटाला पारदर्शक फिल्म असेल, तर रंगामागे पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो फाइलमध्ये वेगळ्या स्पॉट रंगाने दाखवा. जिथे आतली मिरची दिसायला हवी, तेवढी खिडकी सोडा. पांढरा विसरला तर लाल छपाई मिरचीच्या लालात बुडून नाव वाचताच येत नाही.

लॅमिनेशनही रंग बदलतं. ग्लॉसने रंग खोल होतो, मॅटने काळा थोडा उतरतो. मंजुरीचा नमुना लॅमिनेट करूनच दाखवा.

८. फाइल बांधून द्या

पीडीएफ/एक्स-१ए केली की आत आरजीबी राहत नाही आणि ट्रान्सपरन्सी सपाट होते, त्यामुळे जुन्या व्यवस्थेच्या छापखान्यालाही ती चालते. फोटो प्रत्यक्ष आकारात ३०० पीपीआय, ब्लीड (कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) ३ मिलिमीटर. मराठी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्ट न लागणारे आकार बनवा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं तुटतात. कर्व्ह न केलेली प्रत मात्र जपून ठेवा, नावातली चूक शेवटच्या तासालाच सापडते.

पांढऱ्या अक्षरांवर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चालू राहिलं, तर ती छपाईत नाहीशी होतात आणि स्क्रीनवर मात्र दिसत राहतात. ॲक्रोबॅट प्रोमधल्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट बंद-चालू करून हे पकडता येतं. एकूण शाईही तिथेच दिसते.

९. मशीनवर मंजुरी

गँगचं काम, म्हणजे अनेकांची व्हिजिटिंग कार्डं एकाच शीटवर, स्वस्त पडतं. पण मशीनमन पूर्ण शीट सांभाळतो. शेजारच्या कार्डाला लाल जास्त लागला की तुमचाही लाल वाढतो. रंग नेमका हवा असलेलं काम गँगमध्ये टाकू नका.

सिंगलकलर मशीनवर चार रंग चार फेऱ्यांत चढतात. पहिला रंग छापून झाला तेव्हा अंतिम रंग कोणालाच दिसत नसतो, म्हणून तिथे प्रत्येक शाईचा सलग पट्टा शीटच्या कडेला ठेवा आणि प्रत्येक फेरीत जुन्या शीटच्या पट्ट्याशी ताडा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास गेला की शाई पातळ होते, ठिपके जास्त फुगतात आणि पाण्याचा मेळ बिघडतो. कोरड्या हवेत कागद आक्रसून रजिस्टरही हलतं. महत्त्वाचं काम सकाळी लावायला सांगा आणि कागद आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवा.

मॅप्लिथोवरची ओली शाई वाळल्यावर फिकी पडते. म्हणून मंजुरीच्या वेळी रंग किंचित जोरकस असू द्या. पसंत पडलेल्या शीटवर सही आणि तारीख घाला, एक मशीनवर राहू द्या, एक स्वतः न्या.

१०. फ्लेक्सचं गणित वेगळं

फ्लेक्सच्या मशीनला फोग्राचं प्रोफाइल लावून काही मिळत नाही. तिथला रंग त्यांच्या रिप सॉफ्टवेअरमध्ये (फाइलचे मशीनसाठी ठिपके बनवणाऱ्या) ठरतो. फाइल कोणत्या मोडमध्ये हवी ते त्यांनाच विचारा आणि पूर्ण बॅनर टाकण्याआधी मुख्य रंगांची एक फूट रुंद पट्टी काढून घ्या. मागून दिवे असलेल्या ग्लो साइनला शाई दाट लागते. साध्या फ्लेक्सची सेटिंग तिथे लावली तर रात्री बोर्ड धुतल्यासारखा दिसतो. पट्टी पारखताना मागे दिवा धरूनच पारखा.

उन्हात पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते. हायवेवरचे जुने बॅनर निळसर दिसतात ते यामुळेच. दुकानाचा कायमचा बोर्ड करताना ओळख एकट्या पिवळ्यावर सोपवू नका, अक्षरांना काळी किंवा गर्द निळी कड द्या.

पुन्हा तेच काम आलं तर

वर्षाने तीच पत्रिका किंवा तेच लेबल परत येतं. तेव्हा नुसती फाइल पाठवू नका, सही केलेला शीट सोबत द्या. शीट पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडात तोही उडतो. पाकिटावर कागदाचं नाव, जीएसएम, मशीन, प्रोफाइल, लॅमिनेशन आणि मुख्य रंगांचे आकडे लिहा.